ऊन दाखवलेली फुलं

“बाई, इस्त्री एवढी तापवू नका, पिशवी वितळेल,” डाबरे म्हणाला.

“मी रसायनशास्त्र शिकवते. प्लॅस्टिक कधी वितळतं ते मला कळतं.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं. नाहीतर इस्त्री मलाही येते.”

डिसेंबरातली रविवारची सकाळ होती. आमच्या नाशिकच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे मेल्विन डाबरे दोन वर्षं भाड्याने राहत होता. मूळचा वसईचा. दिंडोरीकडे वाइन करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता, पण जीव सगळा बिअरमध्ये. सुट्टीच्या दिवशी खोलीतच पातेल्यात स्वतःपुरती बिअर करायचा. ती विद्या नीट शिकायची म्हणून नोकरी सोडून सहा महिन्यांसाठी जर्मनीला निघाला होता. बॅग भरून दाराशी उभी होती. खोलीत उरलं होतं ते एक बादलीभर पाणी, माझी इस्त्री आणि टेबलावरच्या पिशवीत पाव किलो हिरवी फुलं.

मला शाळेतली मुलं ‘पाठक बाई’ म्हणायची, म्हणून तोही चेष्टेने ‘बाई’ म्हणायला लागला आणि पुढे तेच राहिलं. मी त्याला समोर ‘तुम्ही’ म्हणत असे. मनात तो कधीचाच ‘तो’ झाला होता. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि बाबा गेल्यापासून माझ्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

त्या फुलांना हॉप्स म्हणतात. वेलीवर येतात, बोटाच्या पेराएवढी, पापुद्र्यावर पापुद्रा. पापुद्रा उलगडला की मुळाशी पिवळी भुकटी दिसते आणि बिअरचा कडूपणा, वास, दोन्ही त्या भुकटीतून येतात. हिमाचलातल्या लाहौलमधल्या एका मित्राने रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आत ती त्याला पाठवली होती. डाबरेने एक फूल माझ्या तळहातावर ठेवून बोटाने चोळलं आणि म्हणाला, “वास घ्या.” कैरीची साल, लिंबाचं पान आणि कापलेलं गवत, असा तिन्हींचा मिळून वास होता. मी हात लगेच मागे घेतला नाही, हे मला अजून आठवतं.

“याला तीन गोष्टी सोसत नाहीत,” तो म्हणाला. “हवा, उजेड आणि उष्णता. तिन्हींपासून वाचवलं तर वर्षभर अशीच राहतील.”

त्याने पिशवी बादलीतल्या पाण्यात हळूहळू बुडवली, तोंड फक्त वर ठेवलं. पाण्याच्या दाबाने आतली हवा निघत गेली आणि पिशवी फुलांना चिकटली. मग मी दोन्ही हातांनी ते तोंड घट्ट धरलं, त्याने त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून इस्त्री फिरवली. तो कागदावर इतका वाकला होता की त्याच्या शर्टाला लागलेल्या साबणाचा वास येत होता. त्या पिशवीवर आणखी एक पिशवी चढवली, तीही तशीच बंद केली आणि वर काळा कागद गुंडाळला.

“तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवाल? जूनमध्ये मी परत येतो. मग याची बिअर करू,” तो म्हणाला. “आणि मग तुमच्याशी एक बोलायचंय.”

“आत्ताच बोला की.”

“आत्ता बोललो तर तुम्ही सहा महिने त्याचाच विचार करत बसाल.”

तो बोलला नाही आणि मी सहा महिने दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही.

आमचा फ्रीज एकदारी, वर बर्फाचा छोटा कप्पा. त्यात आईचे मटार, खवलेलं खोबरं आणि आळशीपणाने तसाच पडलेला बर्फाचा ट्रे. मी पाकीट आत सरकवत होते तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली.

“काय गं ते?”

“फुलं आहेत.”

“फुलं बर्फात?”

“औषधी आहेत.”

“डाबरेंची ना?”

“हो.”

“म्हणजे दारूची.”

आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. आई थोडा वेळ त्या काळ्या पुडक्याकडे बघत राहिली. मग तिने मटार बाहेर काढले, खोबऱ्याचा डबा पुढे ओढला आणि म्हणाली, “पार मागे सार. पुढे ठेवलंस तर सारखं दार उघडताना गरम हवा लागेल.”

आई या बाबतीत गुरू होती. तिच्या हातची वस्तू बिघडत नाही, असा कॉलनीत लौकिक होता. चिंच, हळकुंडं, कुरडया, तिखट, लोणचं, सगळं वर्ष काढायचं आणि दुसऱ्या वर्षाला हात द्यायचं. शेजारच्या सुना मार्चपासून आमच्या गच्चीवर विचारायला यायच्या की कशाला किती ऊन दाखवायचं. आईचं उत्तर ठरलेलं असायचं. दोन दिवस जास्तच दाखवा, उन्हाने काही वाईट होत नाही.

फेब्रुवारीत भारनियमन सुरू झालं. आमच्या भागात सकाळी तीन तास आणि दुपारी चार तास वीज जायची. एकदारी फ्रीजचा बर्फ चार तासांत पाणी होतो, हे मी थर्मामीटर लावून बघितलं. माझी सहकारी शैलाताई गंगापूर रोडला राहायची, तिथलं वेळापत्रक वेगळं होतं. आमच्याकडे दुपारी वीज गेली की तिच्याकडे असायची. मग मी रोज शाळेत निघताना पाकीट स्टीलच्या डब्यात बर्फासकट ठेवायची, डबा शालीत गुंडाळायची, स्कूटीच्या पुढच्या हुकाला अडकवायची आणि वाटेत शैलाताईच्या फ्रीजरमध्ये टाकून जायची. संध्याकाळी तेच उलट. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढलं असतं.

शैलाताई दारात उभी राहून विचारायची, “आलं का बाळ?”

“आलं. झोपलंय, हळू बोला.”

“बाप कधी येतोय?”

“जूनमध्ये,” मी म्हणायची आणि कान तापायचे.

डाबरे आठवड्यातून एकदा ईमेल करायचा. तिथला पाव किती कडक, तिथली थंडी, त्याचे मास्तर बोटाने धान्य चिरडून त्याचं वय कसं सांगतात. मीही शाळेचं काहीबाही लिहायची आणि शेवटी एक ओळ, ‘पाकीट ठीक आहे.’ प्रत्येक पत्राच्या शेवटी तीच. माझ्या प्रेमपत्रांचा मजकूर एवढाच होता.

एक गोष्ट मी कबूल करते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने मानू नये ती मी मानत होते. पाकीट टिकलं तर तो येईल आणि जे बोलायचं ते बोलेल, असं मी मनाशी धरलं होतं. सिग्नलला स्कूटी थांबली की पाय डब्याला लावून गारवा आहे ना ते बघायची.

मे महिन्यात नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणासाठी तीन दिवस पुण्याला जावं लागलं. आईला स्कूटी येत नव्हती आणि शैलाताई माहेरी गेली होती. मी आईला बजावलं, “वीज गेली तरी फ्रीजचं दार उघडू नकोस. मी आल्यावर बघेन.”

“बरं,” आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत आले तर आई दाराशीच उभी होती. चेहरा उन्हाने काळवंडलेला, नाकावरची कातडी सोललेली, पण डोळ्यांत मोठं समाधान. मी पाय धुवायच्या आत तिने मला स्वयंपाकघरात नेलं.

“तू गेलीस त्याच दिवशी डीपी जळाली. सगळी कॉलनी अंधारात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज नाही. बर्फाचं पाणी झालं. पाकीट हाताला मऊ लागलं, कागद भिजलेला. म्हटलं, आता हे आत कुजणार. तुला फोन लावला तर बंद.”

“मग?”

“मग काय, माझ्याकडे काय इलाज नाही होय?”

तिने फडताळातून बरणी काढली. चिनी मातीची, तिखटाची जुनी बरणी, घासून पुसून, तोंडाला कापड बांधून. “दोन दिवस कडकडीत ऊन दाखवलं. माझ्या मऊ लुगड्यावर पसरली होती. कावळे नकोत म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून होते दिवसभर. आता तुझ्या त्या फ्रीजची गरजच नाही. नेआण बंद. वर्षभर हात लावायला नको.”

मी कापड सोडलं. फुलं कांद्याच्या सालीसारखी तांबूस आणि चुरचुरीत झाली होती. बरणीतून ओल्या मोज्यांचा वास आला, आणि त्याच्यामागून आणखी एक ओळखीचा वास. तळाशी फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती.

“हे काय?”

“हिंगाचा खडा,” आई म्हणाली. “किडे लागू नयेत म्हणून.”

मी आईकडे बघितलं. सासष्ट वर्षांची बाई, दारूचं नाव निघालं तरी कपाळाला आठ्या घालणारी, आणि ती दोन दिवस मेच्या उन्हात डाबरेच्या फुलांची राखण करत बसली होती. तिला मी काय सांगणार होते? “छान ठेवलीस,” एवढं म्हणाले आणि वर डाबरेच्या रिकाम्या खोलीत जाऊन पोटभर रडले. ती खोली आईने दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. चांगला भाडेकरू मिळत नाही म्हणायची.

त्या आठवड्यात मी डाबरेला लिहिलं, ‘पाकीट ठीक आहे.’

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आला. मी ठरवलं होतं की आधी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. पण तो फाटक उघडून आत आला तेव्हा मी अंगणात केस पुसत उभी होते आणि आई बरणी घेऊन माझ्या पुढे गेली. सहा महिन्यांत तो थोडा बारीक झाला होता. कानशिलावर दोनचार पांढरे केस आले होते. मला त्याच्याकडे बघत राहायचं होतं आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हायचं होतं.

“घ्या तुमची अमानत,” आई म्हणाली. “नीट ठेवलीय.”

डाबरेने कापड सोडलं, नाक आत घातलं आणि क्षणभर तसाच राहिला. मला माहीत होतं त्याला काय कळलंय. ज्याचे मास्तर धान्याचं वय बोटाने सांगतात, त्याला एवढं कळायला वासाचीही गरज नव्हती.

“काकू, फार छान ठेवलीत,” तो म्हणाला.

आई खूश होऊन चहा टाकायला गेली. मी जिन्यात त्याला गाठलं. “गेलीत ना ती?”

“करून तर बघू.”

“खरं सांगा.”

“काकूंनी एवढं केलंय, बाई. करून बघू.”

सरळ उत्तर त्याने दिलं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं. शिक्षकाला ही खोड असते, चूक दिसली की लाल खूण करायची.

रविवारी मागच्या अंगणात शेगडी लावली. आईने सगळ्यांना आश्चर्याचा धक्का देत तिचं मुंजीत वापरायचं मोठं पातेलं माळ्यावरून काढून दिलं. “आत नको, बाहेर करा,” एवढीच अट. डाबरेने कुठूनसं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणलं होतं. त्याचा काढा तासभर उकळायचा, त्यात ती फुलं टाकायची आणि मग सगळं भराभर गार करायचं, असा प्रकार. गार करायला बर्फाची लादी लागणार होती. मी स्कूटी काढून बर्फाच्या कारखान्यात गेले. तिथे रांग होती, परत यायला पाऊण तास लागला. आले तेव्हा डाबरे डाव फिरवत होता आणि आई पदराने नाक धरून स्टुलावर बसली होती. अंगणभर सांबारात हिंग जास्त पडल्यासारखा वास सुटला होता.

पुढे बिअर आंबून बाटल्यांत तयार व्हायला चार आठवडे थांबायचं होतं. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले चार आठवडे होते, हे आज म्हणते. तो वरच्या खोलीतच राहत होता. संध्याकाळी मी वह्या तपासायला गच्चीवर बसले की तो पायऱ्यांवर येऊन बसायचा. एकदा त्याने एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत डोकावून म्हटलं, “याला अर्धा मार्क द्या हो, प्रयत्न बघा किती.” मी दिला नाही. तो हसला. त्याला जे बोलायचं होतं ते त्याने अजून काढलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही त्या बाटल्या उघडण्याची वाट बघत होतो.

जुलैच्या एका रविवारी दुपारी त्याने पहिली बाटली उघडली. अंगणात तीन खुर्च्या. आई पिणार नव्हतीच, पण तीही येऊन बसली होती, हात मांडीवर ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसतात तशी. डाबरेने दोन ग्लास भरले. फेस बरा आला होता. मी एक घोट घेतला आणि तो मला गिळावाच लागला, कारण आई बघत होती. बुरशी आलेल्या पावावर हिंगाचं पाणी शिंपडावं तशी चव होती. कडूपणा नावालाही नाही.

डाबरेने त्याचा ग्लास उचलला आणि न थांबता सगळा संपवला.

“छान झालीय,” तो म्हणाला.

म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. सरळ, डोळे न मिटता. आईचा चेहरा सैल झाला. माणूस इतकं सफाईने खोटं बोलू शकतो, असं मनात आलं. कोणाला वाईट वाटू नये म्हणून हा काहीही गोड म्हणेल. मीही त्याला खोटं लिहिलंच होतं, पण स्वतःचं खोटं मला तेव्हा खोटं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो गच्चीवर आला. मी दोरीवरचे कपडे काढत होते.

“निरुपमा,” तो म्हणाला. नावाने हाक मारायची त्याची ती पहिली वेळ. “जर्मनीत एका लहान ब्रुअरीत मला काम मिळालंय, कालच कळलं. महिन्याअखेरीला जायचं आहे. तुम्ही याल का माझ्याबरोबर? लग्न करून, म्हणजे. काकूंशी मी बोलतो. त्यांनाही पुढे नेऊ.”

याच वाक्यासाठी मी तीन महिने एक डबा स्कूटीला अडकवून गावभर फिरले होते. हातात आईचा परकर होता, त्याची मी नीट घडी घालत राहिले.

“शैलाताई तुम्हाला भेटली होती ना परवा?”

“हो.”

“तिने सांगितलं असेल, मी ते पाकीट कसं सांभाळत होते ते.”

“सांगितलं. मला फार...” तो थांबला. “फार छान वाटलं.”

छान. तोच शब्द. मला वाटलं, याने माझ्याकडेही त्या बरणीसारखंच बघितलं. वास घेतला, काय गेलंय काय उरलंय ते ओळखलं आणि समोरच्या बाईने एवढं केलंय तर तिचं मन मोडायला नको म्हणून ग्लास संपवायचं ठरवलं. छत्तिशी उलटलेली बाई, उन्हातान्हाची पाकीट घेऊन हिंडणारी. दयेपोटी कुणी मला घेऊन जावं, इतकी मी गरीब नव्हते. त्या वेळी तरी मला तसं वाटलं.

“तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता, डाबरे,” मी म्हणाले.

“कशाला म्हणालो?”

आई खालीच अंगणात होती. गच्चीवरचा शब्द न् शब्द तिला ऐकू जातो. मी तिच्यासमोर बिअरचं काढू शकत नव्हते. “काही नाही,” मी म्हणाले. “मला नाही जमणार. आईला सोडून मी कुठे जाणार नाही.”

“हे खरं कारण आहे?”

“हो.”

तो कठड्यापासून वळला. मग म्हणाला, “बाई, तुम्ही मार्क फार कडक देता,” आणि खाली गेला. महिन्याअखेरीला तो गेला. उरलेल्या बाटल्या कोणी मागितल्या नव्हत्या, पण तो त्या घेऊन गेला. तिथून त्याची दोन पत्रं आली. मी शाळेचं काहीबाही लिहिलं. शेवटी लिहायला आता कुठली ओळ नव्हती. मग पत्रंही थांबली.

मी त्याला विसरले असं म्हणणार नाही. शाळा, वह्या, आईचा गुडघा, वर्षं जातात तशी गेली. पण कोणी लिंबाचं पान चुरगाळलं तरी माझा जीव कासावीस व्हायचा आणि तास सोडून बाहेर जावंसं वाटायचं. मला तो हवा होता. रात्री नाही, दिवसाच हवा होता. वह्या तपासताना पायऱ्यांवर बसलेला हवा होता. आणि तरी इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी शहाणपणा केला. गोड बोलणाऱ्या माणसाच्या दयेवर जगण्यापेक्षा हे बरं.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आई आता त्र्याऐंशीची आहे, गच्चीवर जाणं बंद झालंय. पण तिखट घरचंच हवं म्हणून बाल्कनीत मिरच्या वाळवल्या आणि बरणीत भरल्या. बाल्कनीत ऊन कमी येतं. महिन्याभरात बरणीला बुरशी आली. मी तिला दाखवायचं टाळत होते, पण तिने स्वतःच झाकण काढलं. मला वाटलं आता दिवसभर हळहळेल. ती शांतपणे म्हणाली, “माझ्या हातून बिघडलेली ही दुसरी वस्तू.”

“पहिली कुठली?” मी सहज विचारलं.

“डाबरेंची फुलं.”

मी मिरच्या कागदावर ओतत होते, हात तिथेच थांबला. “तुला माहीत होतं?”

“त्यानेच सांगितलं की. तू बर्फ आणायला गेली होतीस ना, तेव्हा. म्हणाला, काकू, राग मानू नका, पण ही गेलीत. याला ऊन सोसत नाही, आपल्या सगळ्या वस्तूंच्या उलट आहे हे. नीट समजावून सांगितलं बिचाऱ्याने. आल्या दिवशी तुमच्या तोंडावर बोलवलं नाही म्हणाला, पण खोटं ठेवून राहायचं नाही.”

“मग तो छान झालीय का म्हणाला?”

“ते मी म्हणायला लावलं.”

“तू?”

“अगं, तू कशी ती घेऊन जायचीस रोज. आणि मी घालवली. तुला कळलं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस? दारूची म्हणून मुद्दाम केलं, असंच वाटलं असतं ना तुला? म्हणून त्याला म्हटलं, निरूसमोर चांगली झाली म्हणा. तो काही तयार होईना. मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही, म्हणाला. मी हात जोडले तेव्हा कुठे कबूल झाला. एकदाच बोलेन म्हणाला.”

बाल्कनीखालून भाजीवाला ओरडत गेला. मी कागदावरच्या मिरच्या उगाच सारख्या करत राहिले.

“आणखी काय म्हणाला?”

“आणखी काय... पाकीट कसं ठेवायचं ते सांगितलं. वीज गेली तर ओल्या पोत्यात गुंडाळा, पण उघडू नका. म्हटलं, मला म्हातारीला कशाला हे सगळं? तर हसला. म्हणाला, आता दरवर्षी येणार ही या घरात, काकू, एकदा शिकून ठेवा.” आई थांबली, पदराने बरणीचं तोंड पुसलं. “मी शिकले होते गं. त्याने तुला विचारलं त्या दिवशी मी खाली बसून ऐकत होते. तू नाही म्हणालीस. मला वाटलं, तुला तो आवडत नसेल.”

“आवडत होता,” मी म्हणाले.

सतरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“मग मला सांगायचं नाही का?” ती म्हणाली.